मरीया गाढवावर बसली की साखर

लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौसरला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळची गोष्ट. अजून नीट उजाडलंही नव्हतं. मागच्या अंगणातून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"मरीया गाढवावर बसली वं! टाक साखर!"

मातीच्या भिंतीपलीकडून दुसरी बाई तितक्याच जोरात ओरडली, "टाकली! आता योसेफाले जरा हळू चालव, माह्या चुलीत जाळ कमी हाये."

मी नवऱ्याला हलवून उठवलं. म्हटलं, "अहो, सासूबाईंना ताप आहे का?" मुकुंद म्हणजे माझे यजमान, सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. कोणाला ताप आहे नि कोणाला नाही हे त्यांना झोपेतही कळायचं. डोळे न उघडता ते म्हणाले, "नाही. संत्र्याची वडी होऊन राहिली," आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागले.

१९५५ चा डिसेंबर होता. मी मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, रेल्वेच्या मोठ्या लायनीवरच्या गावातली मुलगी. रुखवतात गजराचं घड्याळ घेऊन आले होते. सौसर पडलं छोट्या लायनीवर. तिथल्या गाडीला वेळापत्रक असतं हेच मुळी गावाला मान्य नव्हतं. बाबांनी सांगितलं होतं की घर विश्वासणाऱ्यांचं, म्हणजे आपल्यासारखंच ख्रिस्ती आहे, माणसं साधी आहेत. साधी आहेत म्हणाले होते, वेडी आहेत असं कोणी बोललं नव्हतं.

आमच्या सासूबाई जयवंताबाई बुटक्या आणि गोल होत्या. पदर डोक्यावर म्हणून टिकत नसे, कारण हसताना त्या मान पार मागे टाकायच्या, आणि हसायच्या तर दिवसभर. बाप्तिस्मा आजोबांच्या काळात झाला होता, पण नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही, तेव्हा जयवंता ती जयवंताच राहिली. तरुणपणी त्या मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. तिथल्या मडमबाईंना त्यांना दोन गोष्टी शिकवायच्या होत्या, संत्र्याचा मुरांबा आणि शुभवर्तमान. वेळ मात्र एकच होती, सकाळची, चुलीपाशी. त्यामुळे दोन्ही गोष्टी सासूबाईंच्या डोक्यात एकदम शिरल्या आणि पुन्हा कधी वेगळ्या झाल्या नाहीत. अक्षरओळख नव्हती, घड्याळ कळत नव्हतं. पण योसेफ आणि मरीया नासरेथहून निघाले की संत्र्याचा गर चुलीवर चढवायचा, ती गाढवावर बसली की साखर, आणि बाळ येशूला भेटी घेऊन आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, हेरोद राजाला चुकवून दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले की कढई उतरवायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उशीर झाला तर संत्रं कडू होतं आणि घाई केली तर वडी पडत नाही.

स्वातंत्र्य आलं, बंगल्याला कुलूप लागलं. मडमबाई जाताना कल्हईची कढई देऊन गेल्या. सासूबाईंनी तिच्यात मुरांब्याच्या जागी खवा घालून वडी करायला सुरुवात केली.

आता भिंतीची गोष्ट. आमच्याकडे महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून पाळकसाहेब यायचे आणि पुढच्या खोलीत उपासना व्हायची. एकदा त्यांनी उपदेशात सांगितलं की येशूची सुवार्ता सांगणं हे एकट्या पाळकाचं काम नाही. ज्यानं विश्वास ठेवला त्या प्रत्येकाच्या गळ्यात ती जबाबदारी आहे, आणि सुरुवात शेजारच्या घरापासून करायची. सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. पुढच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वास चारचौघांत सांगायला, त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांचे गंभीर चेहरे पाहिले आणि त्यांना हसू फुटलं. आवरेना. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी पाळकसाहेबांनीच हात जोडून त्यांना बसवलं. मुकुंद सांगायचे की त्या रात्री आई हसली नाही, भाकरी थापता थापता रडली. देवानं एकच काम सांगितलं आणि तेही मला जमू नये, असं म्हणाली.

मग नाताळ आला. ताटात वड्या घेऊन, वर रुमाल टाकून, सासूबाई शेजारच्या अंबाबाईच्या दारात उभ्या राहिल्या. अंबाबाईच्या यजमानांची, नत्थूजींची, गावाबाहेर संत्र्याची मोठी बाग. माणूस भला, पण नाकावर राग. दर शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणार आणि ख्रिस्तावाच्या घरचं शिजलेलं उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. अंबाबाई दाराला धरून उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "जयवंता, घरात जागा नाई वं ह्या ताटाले. त्याईले चालत नाई."

मी असते तर ताट तिथंच आपटून आले असते. सासूबाई काय करतात? त्या घरी आल्या. साखर, खवा, वेलदोडे कोरेच्या कोरे फडक्यात बांधले, वर नत्थूजींच्याच बागेतली संत्री ठेवली आणि परत त्याच दारात हजर. कोरा शिधा कोणालाही चालतो. "तू आपल्या चुलीवर कर," म्हणाल्या, "मी भिंतीवरून सांगते."

भिंत कमरेहून थोडी उंच. अंबाबाई पलीकडे, सासूबाई अलीकडे. आणि अंबाबाईनं विचारलं, "साखर कवा टाकू?" आता याला दुसरं उत्तरच नव्हतं. सासूबाईंनी नासरेथपासून सुरुवात केली. उपासनेत दाटून येणारं हसू इथं वाटेत आलंच नाही, कारण लक्ष कढईवर. तेव्हापासून दर हंगामात सकाळी भिंतीपाशी हे चालायचं.

नासरेथ म्हणजे रामाकोना आणि बेथलेहेम म्हणजे मोहगाव, असा त्यांचा भूगोल होता. अंबाबाईनं एकदा विचारलं, पोटुशी बाई, मग छोट्या गाडीनं काऊन नाई गेली? सासूबाई म्हणाल्या, "गाडी येळेवर आली पाह्यजे ना बाप्पा! लेकरू फलाटावरच झालं असतं." दोघी भिंतीला धरून इतक्या हसल्या की गर खाली लागला.

मी सून होऊन आले तेव्हा हा कारभार असा जोरात होता. मला लाज वाटायची. मी घड्याळ चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. सासूबाईंनी ते उचलून तांदळाच्या डब्यात घातलं. म्हणाल्या, "हे नुसतं टकटक करते. सांगत तं काईच नाई."

वर्ष गेलं. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही सौसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक मध्य प्रदेशात राहिलो आणि आमचं नागपूर मुंबई राज्यात गेलं. नत्थूजींच्या बागेचा सौदा करायला नागपूरचा एक व्यापारी दर डिसेंबरात यायचा. तो आता परराज्यातला पाहुणा झाला, म्हणून नत्थूजी त्याच्या सरबराईसाठी नवी चादर घेऊन आले. व्यापाऱ्याचा जीव अंबाबाईच्या संत्र्याच्या वडीवर. आधी वडी, मग सौदा, असा त्याचा नेम होता.

त्याच डिसेंबरात दोन वादळं एका दिवशी आमच्या दारात आली. पहिलं रामाजी. हे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल मानाचे कारभारी, रेल्वेतून निवृत्त झालेले, उन्हाळ्यातसुद्धा कोट घालणारे. नाताळच्या उपासनेची तयारी बघायला आले आणि मागच्या अंगणातून त्यांच्या कानावर पडलं, "देवदूत आला वं, तूप सोड!" रामाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"जयवंताबाई, पवित्र वचनानं साखर मोजता? हा मी पंचांपुढं विषय मांडणार. तोवर प्रभुभोजनाला बसायचं नाही. आणि मला शब्द द्या, पंचांचं होईपर्यंत चुलीवर एक अक्षर बोलणार नाही."

प्रभुभोजनाची भाकर बंद होणं म्हणजे मंडळीतून वाळीत पडणंच. सासूबाईंचं हसू कुठल्या कुठं गेलं. वडील माणसाला त्यांनी शब्द दिला.

तेवढ्यात पुढच्या दारातून दुसरं वादळ आत आलं. नत्थूजी. त्यांना बाजारात कोणीतरी चिडवलं होतं की तुमची बायको ख्रिस्तावीण होऊन राहिली. ते रामाजींकडे न बघताच गरजले, "जयवंताबाई, म्या विटा आनल्या हायेत. नाताळ झाला का भिंत वर जाते. मानूस उभा राह्यला तं दिसला नाई पाह्यजे, असी बांधतो!"

खरंच दुपारी बैलगाडीतून विटा आल्या आणि पलीकडून भिंतीला लावून रचल्या गेल्या. ख्रिस्ती वडील आणि हनुमानाचे भक्त याआधी कधी एका खाटेवर बसले नव्हते. त्या दिवशी बसले, आणि जयवंताबाईंनी गप्प बसावं यावर दोघांचं चटकन एकमत झालं. राहता राहिली व्यापाऱ्याची वडी. रामाजी म्हणाले, "त्याला काय! सूनबाईकडं घड्याळ आहे ना?"

घड्याळ तांदळातून बाहेर आलं. मी ते पुसलं, चावी दिली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पण स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई पिठाच्या डब्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "नलिनी, मले उभं राहून सांगता येत नाई. लिहिता येत नाई. हे एवढी भिंत होती माह्यापाशी. थेही जाईन आता." मी घड्याळ पदराआड लपवलं.

व्यापारी यायच्या दिवशी सकाळी घड्याळ भिंतीवर विराजमान झालं. पलीकडे अंबाबाई चुलीपाशी, तिच्यामागे नत्थूजी. अलीकडे मी घड्याळापाशी, रामाजी देखरेखीला खाटेवर, आणि सासूबाई पाटावर, तोंडात पदराचा बोळा कोंबून. वेळा मी आदल्या दिवशीच ठरवल्या होत्या. "आता साखर," मी म्हटलं. अंबाबाईनं घातली. "आता ढवळा." कोणी हसत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. इतकी शांत वडी सौसरमध्ये कधी झाली नसेल.

ती जळली.

आमच्याकडे चुलीत पऱ्हाट्या घालतात. कपाशीच्या त्या वाळक्या काटक्या, क्षणात भडकतात आणि क्षणात विझतात. माझं घड्याळ आपल्या चालीनं चाललं होतं, त्याला जाळाचं काय? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई भिंतीवरून वासावर लक्ष ठेवायच्या. जाळ मंदावला की योसेफाला निंबाखाली विसावा द्यायच्या, भडकला की गाढवाला पळवायच्या. ती गोष्ट लांबायची, आखडायची, आणि वडी बरोबर पडायची. नत्थूजींनी खरवड चाखली आणि त्यांचं तोंड लहान मुलाला एरंडेल दिल्यासारखं झालं.

संत्री आणि खवा आणखी एकाच कढईपुरते उरले होते. व्यापाऱ्याच्या गाडीची वेळ होत आलेली. नत्थूजी भिंतीपाशी आले, घसा खाकरला, मग आवाज खाली आणून म्हणाले, "जयवंताबाई, आजच्यापुरतं सांगून टाका ना."

सासूबाईंनी मान हलवली. पदर तोंडातच. रामाजींकडे बोट दाखवलं. शब्द दिला होता. रामाजी आभाळाकडे पाहत बसले. आपणच घातलेली आण आपणच कशी सोडवायची, या पेचात ते अडकले होते.

"राहू द्या," अंबाबाई एकदम म्हणाली. "मले येते."

तिनं दुसरी कढई चढवली आणि सुरू झाली. "तं राजाचा हुकूम झाला का समद्याईची नावं लिहून काढा. योसेफ मरीयेले घेऊन रामाकोन्याहून निंगाला..." सासूबाई ओणव्या होऊन ऐकत होत्या. मरीया गाढवावर बसली, साखर पडली. जाळ उतरला, तर अंबाबाईनं त्यांना वाटेतल्या विहिरीवर पाणी पाजलं. हे आमच्या शुभवर्तमानात नाही, पण कढईला ते हवं होतं. मग गोष्ट उतारशाळेच्या, म्हणजे तिथल्या धर्मशाळेच्या, दारात पोचली.

ही जागा घाईची. सासूबाई इथं नेहमी एका दमात म्हणायच्या, जागा नाही म्हणले, गोठ्यात गेले, टाक खवा. खवा टाकायच्या गडबडीत त्या दारापाशी कधी कोणी थांबलंच नव्हतं. आज पुढून ओरडणारं कोणी नव्हतं.

"योसेफानं दार वाजवलं," अंबाबाई म्हणाली. "उतारशाळेवाला बाहेर आला. म्हनते, जागा नाई."

आणि ती थांबली. ढवळायचा सराटा हातात तसाच राहिला. तिनं भिंतीवरून सासूबाईंकडे पाहिलं.

"अवं माय," ती हळूच म्हणाली. "म्याच म्हनलं होतं थे. ताट घेऊन आली होती हे बाई. म्याच म्हनलं, जागा नाई."

सराटा टाकून ती उठली. दारानं फिरून यायला तिला धीर नव्हता. भिंत उंच करायला आणून रचलेल्या विटांच्या पायऱ्याच झाल्या होत्या. अंबाबाई अंगानं भारदस्त. ती लुगडं खोचून विटांवर चढली, भिंतीवर बसली, माझं घड्याळ खाली पाडलं आणि धपकन आमच्या अंगणात उतरली. "कुठी हाये तुह्या घरची वडी?" तिनं विचारलं. सासूबाईंनी तोंडातला पदर काढला आणि आधी केलेल्या वड्यांचा डबा आणून पुढं केला. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत अंबाबाईनं आमच्या चुलीवरची वडी तोंडात घातली, आणखी एक घेतली, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या की हसू लागल्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

"अवं कढई! कढई!" पलीकडे नत्थूजी नाचायला लागले. इकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी स्वतःच सराटा उचलला. "जागा नाई म्हनले, गोठ्यात गेले, हा टाकला खवा! लेकरू झालं! गव्हाणीत निजवलं! मंग थे मागी लोक उंटावर..."

"मेंढपाळ!" रामाजी खाटेवरून ताडकन उठले. "मेंढपाळ आधी! मागी मागून येतात!"

"मंग तुमी सांगा ना! मी ढवळून राह्यलो, दिसत नाई?"

आणि आमच्या मंडळीचे वडील कोटासकट भिंतीवर ओणवले. "रानात मेंढपाळ होते. त्यांना देवदूत दिसला..."

"जाळ वाढला! पळवा त्याईले!"

"मेंढपाळ पळत निघाले!" रामाजी ओरडले. "पळत पळत गोठ्यात आले! बाळ पाहिलं! तूप सोडा!"

मी घड्याळ उचलायला वाकले होते, ती हसून हसून तिथंच बसले. मागी लोक आले, भेटी ठेवल्या, हेरोद दात खात बसला, आणि शेवटी दोघंही एकदम किंचाळले, "दुसऱ्या रस्त्यानं गेले! उतरवा!"

इतकी सुरेख वडी पुन्हा कधी पडली नाही.

नत्थूजी घाम पुसत होते. रामाजींनी विचारलं, "तुम्हाला हे सगळं पाठ कसं?" ते चिडून म्हणाले, "इतके वर्सं खाटेवर पडून ऐकून राह्यलो. कानाले काय दार असते?" सासूबाई रामाजींपुढं गेल्या आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या, "म्या एक अक्षर बोलली नाई हो." मग मात्र मान मागे गेली, पदर घसरला आणि हसणं सगळ्या आळीला ऐकू गेलं.

पंचांपुढं काही विषय आला नाही. नाताळला सासूबाई प्रभुभोजनाला बसल्या, शेजारीच रामाजी. भिंत वर गेली नाही. नत्थूजींनी त्याच विटा वापरून भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन दोन पायऱ्या बांधून घेतल्या, व्यापाऱ्याची वेळ सांभाळायला म्हणे. ते शेवटपर्यंत शनिवारी जामसांवलीला जात राहिले. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं की शेजारात कोणी प्रभूकडे वळलं का. सासूबाई म्हणाल्या, "वळले का नाई ते देवाले मालूम. पन आता आमच्या घरी जेवतात."

पुढे तीन-चार वर्षांनी सासूबाई गेल्या. हंगाम संपता संपता, दोन दिवसांच्या तापात गेल्या. अंबाबाई त्यांच्या उशाशी होती.

पुढच्या डिसेंबरात मी मागची चूल पेटवली नाही. कढई घासून पालथी घातली. कशाला उगाच. मी तर चारचौघांत तोंड उघडणारी बाई नाही, आणि घरात चांगलं चालतं घड्याळ होतं. एके सकाळी अंधूक उजेडात भिंतीपलीकडून पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज आला. मग अंबाबाईचा आवाज, थोडा थकलेला.

"नलिनी! मरीया बसली का वं गाढवावर?"

मी अंथरुणात तशीच पडून राहिले. मुकुंद जागे होते. पलीकडे गर रटरटू लागला होता, वास येत होता. अजून थोडा वेळ गेला तर कडू होणार होता.

मी उठले, पायात चपलाही घातल्या नाहीत, आणि धावत भिंतीपाशी गेले.

"थांबा काकू," मी ओरडले, "आत्ताच तं निंगाली रामाकोन्याहून!"